पोथीत आहे म्हणून योग्य, की योग्य आहे म्हणून पोथीत?

प्रश्न : माझे वय ५८ असून मी ठाण्यात, नौपाड्यातल्या एका जुन्या सोसायटीत राहते. आमच्या मजल्यावर दरवर्षी दत्तजयंतीच्या आधी गुरुचरित्राचा सप्ताह बसतो. शेजारणीचे यजमान पारायण करतात आणि आम्ही बायका ऐकायला बसतो. माझे यजमान जाऊन तीन वर्षे झाली. यंदा चौथ्या दिवशी एकतिसावा आणि बत्तिसावा अध्याय आला. त्यांत पतिव्रतेचे आणि विधवेचे आचार सांगितले आहेत. ते वाचले जात असताना दोघीतिघींची नजर माझ्या कपाळावरच्या टिकलीकडे गेलेली मला कळली. समाप्तीच्या दिवशी सवाष्णींच्या ओट्या भरल्या. माझ्यापाशी आल्यावर ओटीचे ताट पुढे गेले आणि माझ्या हातावर प्रसादाचा द्रोण आला. तो देणारी माझी वीस वर्षांची शेजारीण आहे. यजमान रुग्णालयात होते तेव्हा ती माझ्याबरोबर रात्रभर बाकावर बसून होती. नंतर जिन्यात भेटल्यावर ती म्हणाली, "वहिनी, मला खूप वाईट वाटलं, पण पोथीत आहे त्याला मी काय करू?"

घरी हे सांगितल्यावर मुलगा म्हणाला की असल्या पोथ्या घरात ठेवूच नयेत, नीतीसाठी संविधान पुरेसे आहे. सासूबाई ८४ वर्षांच्या आहेत, त्या म्हणाल्या, "पोथ्या नसत्या तर खरंखोटं तुम्हांला शिकवलं असतं कोणी?" मला दोघांचेही पटते आणि दोघांचेही पटत नाही. धर्मग्रंथ हा नीतीचा आधार होऊ शकतो का, हे कृपया सविस्तर सांगावे.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आपल्या शेजारणीचे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. तिला वाईट वाटले, म्हणजे हातून जे घडते आहे ते बरे नाही हे तिला त्याच क्षणी कळले होते, आणि ते कळायला तिला कोणताही अध्याय उघडावा लागला नव्हता. पोथीचे नाव पुढे आले ते त्या कळण्याला गप्प बसवण्यासाठी. आपला प्रश्न इथूनच सुरू होतो.

हा प्रश्न फार जुना आहे. सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी प्लेटोने लिहिलेल्या एका संवादात सॉक्रेटिस युथिफ्रो नावाच्या गृहस्थाला विचारतो की, पवित्र गोष्ट देवांना आवडते म्हणून ती पवित्र ठरते, की ती पवित्र असते म्हणून देवांना आवडते? आपल्या भाषेत तो प्रश्न असा होईल : पोथीत आहे म्हणून एखादे आचरण योग्य, की ते योग्य आहे म्हणून पोथीत आले? पहिले म्हणणे मानले तर उद्या पोथीत काहीही सापडले तरी ते योग्यच म्हणावे लागेल, आणि तसे म्हणायला आपल्या सासूबाईही तयार होणार नाहीत. दुसरे मानले तर योग्यायोग्याची कसोटी पोथीच्या बाहेर आहे, हे कबूल करावे लागते.

मी हे दुसरे उत्तर मानतो. ते परदेशातून उसने आणलेले आहे असे कोणी म्हणेल, म्हणून आपल्याच शास्त्रकारांकडे वळतो. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात धर्माची मुळे सांगताना वेद आणि स्मृती यांच्याबरोबर सज्जनांचा आचार आणि 'आत्मनस्तुष्टि', म्हणजे स्वतःच्या मनाचे समाधान, यांचीही गणना केली आहे. चौथ्या अध्यायात तर असे म्हटले आहे की, ज्याचा परिणाम दुःखकारक आहे आणि ज्याविरुद्ध लोक आक्रोश करतात, असा धर्मसुद्धा टाकून द्यावा. हे त्याच ग्रंथात आहे ज्यात स्त्रिया आणि शूद्र यांच्याविषयी अत्यंत कठोर वचने आहेत आणि ज्याचे दहन महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली झाले. ते दहन न्याय्य होते असे मी मानतो; चौथ्या अध्यायातला एक श्लोक दाखवून बाकीच्या ग्रंथाची सुटका करण्याचा माझा हेतू नाही. मुद्दा एवढाच की, एकाच ग्रंथात दोन्ही प्रकारची वचने असतात, आणि त्यांतले कोणते उचलायचे हे ग्रंथ आपल्याला सांगत नाही.

मीमांसकांचे एक उदाहरण मला विशेष महत्त्वाचे वाटते. वेदवाक्यांचा अर्थ कसा लावावा याचे शास्त्र म्हणजे मीमांसा; तिच्याइतका वेदांचा कडवा पाठीराखा दुसरा नाही. परंतु जैमिनीच्या सूत्रांवरील भाष्यात शबरस्वामी एका स्मृतिवचनापाशी थबकतात. यज्ञातल्या एका होमाच्या वेळचे वस्त्र अध्वर्यू नावाच्या ऋत्विजाने, म्हणजे यज्ञ करणाऱ्या पुरोहिताने, घ्यावे, असे ते वचन आहे. या वचनाचे मूळ वेदात शोधण्याचे कारण नाही, असे शबरस्वामी म्हणतात, कारण त्याचे मूळ लोभात आहे हे उघड दिसते. कोणातरी अध्वर्यूला ते वस्त्र हवेसे वाटले आणि त्यातून हा नियम निघाला. वस्त्राचा एक तुकडा, पण त्यावरून विचारलेला प्रश्न केवढा मोठा आहे! या नियमाचा लाभ कोणाला होतो, हे विचारण्याचा अधिकार शास्त्रानेच दिला आहे. त्याला माझी एकच पुस्ती आहे : लाभ कोणाला होतो हे विचारतो, तसे या नियमाचा भार कोणावर पडतो आणि तिला कधी कोणी विचारले होते का, हेही विचारले पाहिजे. विधवेने काय खावे, काय ल्यावे, कुठे बसावे हे ज्यांनी लिहिले त्यांच्यात विधवा नव्हत्या.

विधवांच्याच बाबतीत एकोणिसाव्या शतकात काय झाले ते पाहा. पुनर्विवाहाला अनुमती देणारा कायदा १८५६ साली झाला, त्यामागे ईश्वरचंद्र विद्यासागरांचे प्रयत्न होते, आणि त्यांनी आधार घेतला तो पराशरस्मृतीचा. पती बेपत्ता झाला, मेला, संन्यासी झाला, नपुंसक निघाला किंवा पतित झाला, तर या पाच आपत्तींत स्त्रीला दुसरा पती विहित आहे, असा तो श्लोक आहे. विरोधकांनी त्यातल्या 'पतिते पतौ' या दोन शब्दांवर बोट ठेवले. व्याकरणाप्रमाणे 'पत्यौ' हवे, 'पतौ' हे रूप अशुद्ध आहे, म्हणून तिथे 'अपतौ' वाचावे, म्हणजे जो अजून पुरता पती झालेलाच नाही, ज्याच्याशी केवळ वाङ्‌निश्चय झाला आहे असा पुरुष, असे त्यांचे म्हणणे होते. संधीमध्ये लुप्त झालेल्या एका 'अ'वर देशातल्या असंख्य मुलींचे आयुष्य टांगलेले होते, हे वाचताना आजही अंगावर काटा येतो. १८७० साली पुण्यात शंकराचार्यांसमोर याच विषयावर वाद झाला आणि विष्णुशास्त्री पंडितांचा सुधारकांचा पक्ष हरला. पोथ्या दोन्हीकडे होत्या आणि विद्वानही दोन्हीकडे होते. विद्यासागरांना तो श्लोक सापडला, कारण तो शोधण्याआधीच त्यांचे मन कळवळले होते. श्लोक कित्येक शतके तिथेच होता. त्याचा शोध घेणारी करुणा त्या श्लोकातून आलेली नव्हती.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेत गुलामगिरीचे समर्थक आणि विरोधक एकाच बायबलमधून उतारे काढत होते. गुलामांनी धन्याची आज्ञा पाळावी हे सेंट पॉलचे वचन एका बाजूला होते आणि मोझेसने दास्यातून सोडवलेल्या लोकांची कथा दुसऱ्या बाजूला.

आता आपल्या पोथीकडे येतो. ज्या अध्यायांमुळे आपल्याला दुःख झाले त्यांची कथा एकदा शेवटपर्यंत आठवावी. माहूरहून आजारी पतीला घेऊन एक तरुण स्त्री गाणगापूरला येते आणि पती तिथेच मरण पावतो. एक योगी तिला पतिव्रतेचे आणि विधवेचे सारे आचार ऐकवतो; ती सहगमनाला, म्हणजे पतीच्या चितेवर सती जायला, निघते आणि त्याआधी श्रीगुरूंच्या, म्हणजे नृसिंह सरस्वतींच्या, दर्शनाला जाते. श्रीगुरू तिला सौभाग्याचा आशीर्वाद देतात. लोक सांगतात की हिचा पती गेला आहे; तरीही आशीर्वाद मागे घेतला जात नाही, तीर्थ शिंपडले जाते आणि प्रेत उठून बसते. म्हणजे सर्व नियम सांगून झाल्यावरही पोथीकाराला कथा त्या नियमांपाशी थांबवता आली नाही. मात्र सुटका झाली ती पती जिवंत झाला म्हणून. ज्यांचे पती परत येत नाहीत त्यांच्यासाठी पोथीत नियमच उरतात, हे मला लपवायचे नाही. जिथे पोथी चमत्कार करून वाट काढते, तिथे आपल्या शेजारणीला ओटीच्या ताटाने ती काढता आली असती.

आपल्या मुलाच्या म्हणण्यातली चीड मला समजते, पण संविधान पुरेसे आहे हे मला मान्य नाही. स्वतः डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत सांगितले होते की, संवैधानिक नीती ही माणसाची उपजत भावना नव्हे, ती जोपासावी लागते. मग जोपासायची कुठे? घरात, शाळेत, आणि हो, सप्ताहातसुद्धा. १९३६ च्या जातिनिर्मूलनावरील निबंधात त्यांनी नियम आणि तत्त्व यांत जो भेद केला आहे तो मुलाने अवश्य वाचावा. नियम सांगतो की अमुक कर. तत्त्व माणसाला विचार करून ठरवण्याची दृष्टी देते आणि म्हणून जबाबदारीही त्याच्यावर टाकते. धर्म हा तत्त्वांचा असावा, नियमांचा झाला की त्यातले धर्मपण जाते, असे त्यांचे म्हणणे होते. ४ मे २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितले. ही फार मोलाची गोष्ट आहे. तरीही आपल्या मजल्यावर कोणाची ओटी भरावी हे कोणत्याही परिपत्रकाने ठरणार नाही.

सासूबाईंचे म्हणणे निम्मे खरे आहे आणि ते निम्मे मोठे आहे. तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला एकनाथांनी काशीहून आणलेले गंगोदक पाजले, ही कथा ज्या मुलाने सहाव्या-सातव्या वर्षी ऐकली, त्याच्या मनात दयेला एक चित्र मिळाले. दया, क्षमा, परपीडा, उपकार हे शब्दसुद्धा आपल्याला ओव्या-अभंगांतून मिळाले. त्यांच्यावाचून आपल्याला स्वतःशीही नीट बोलता आले नसते. पण ही कथा आपल्याला भिडते ती कशामुळे? नियमाप्रमाणे ते पाणी रामेश्वराला घालायचे होते. नियम मोडणाऱ्या एकनाथांना आपण संत म्हणतो, आणि हे सासूबाईंनाही ठाऊक आहे.

यावर एक रास्त आक्षेप आहे. कसोटी मनाची मानली, तर मनही फसवते. सवयीने निबर झालेल्या मनाला अन्याय दिसतच नाही. तुकोबांनी सत्य-असत्याच्या निवाड्याला मन ग्वाही केले आणि बहुमत मानले नाही, पण आपले मन तुकोबांचे नाही. म्हणूनच एकट्या मनावर विसंबू नये, ग्रंथ वाचावेत, वाद करावा, आणि सर्वांत आधी, ज्याला लागले आहे त्याचे ऐकावे. आपल्या मजल्यावर हेच राहून गेले आहे. आपल्याला काय वाटले हे आपण मला लिहिले; शेजारणीला अजून सांगितलेले दिसत नाही. पुढच्या मार्गशीर्षाची वाट न पाहता तिला चहाला बोलवावे आणि सांगावे. जी रुग्णालयातल्या बाकावर रात्रभर बसली ती हे ऐकून घेईल, असा माझा विश्वास आहे. त्यानंतरही ताट पुढे गेलेच, तर सप्ताहाला जायचे की नाही हे आपण ठरवावे, आणि न गेल्यास मनात अपराध बाळगू नये.

प्रश्न : मी नेरूळला लहान मुलांचा संस्कारवर्ग चालवतो. मुले गीतेचे श्लोक उत्तम पाठ करतात. त्यातून नीती येते असे समजावे का?
— एक निवृत्त शिक्षक, नवी मुंबई

उत्तर : पाठांतराने वाणी शुद्ध होते आणि स्मरणशक्ती वाढते. नीती त्यातून आपोआप येत नाही, परंतु येण्याची सोय करता येते. सोळाव्या अध्यायाच्या शेवटी, काय करावे आणि काय करू नये यासाठी शास्त्र हे तुला प्रमाण आहे, असे भगवंत अर्जुनाला सांगतात. अठराव्या अध्यायात, सारे सांगून झाल्यावर, 'विमृश्यैतदशेषेण यथेच्छसि तथा कुरु', म्हणजे याचा पूर्ण विचार कर आणि मग तुझ्या इच्छेला येईल तसे कर, असेही तेच म्हणतात. हे दोन्ही श्लोक मुलांकडून एकाच दिवशी म्हणून घ्यावेत आणि विचारावे की दोन्ही एकदम खरे कसे. मग त्यांच्याच शाळेतला, त्यांच्याच इमारतीतला एखादा खरा पेच त्यांच्यापुढे ठेवावा. खेळताना ज्याला कोणीच संघात घेत नाही असा एक मुलगा प्रत्येक इमारतीत असतो; त्याच्यापासून सुरुवात करता येईल.