गोष्टी सांगणाऱ्या आमच्या गटाची आता नोंदणीकृत संस्था होते आहे. गटाचा जिव्हाळा कसा टिकवावा?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: दर महिन्याला जमून एकमेकांना स्वतःच्या आयुष्यातल्या गोष्टी सांगणारा तुमचा गट छान चालला आहे. एक देणगीदार पैसे द्यायला तयार आहे, पण त्याला नोंदणीकृत संस्था हवी आहे. आणि नोंदणी झाली की गटाचं ऑफिस होईल, अशी निम्म्या मंडळींना धास्ती आहे. मी अशाच एका गटाचा बरीच वर्षं खजिनदार आहे, त्यामुळे उत्तर जरा हिशेबी वाटेल.

धास्ती खोटी नाही, पण तिचा रोख चुकतोय. नुसत्या नोंदणीच्या कागदाने कुणाचं काही बिघडत नाही. पैसे आले की दोन प्रश्न वर येतात: कामं कुणाची आणि गोष्टी कुणाच्या. आजवर ते कुणी विचारले नाहीत, कारण वाटून घ्यायला काही नव्हतंच. त्यांची उत्तरं पहिला धनादेश जमा व्हायच्या आत लिहून काढा.

त्याआधी नोंदणी खरंच हवी का, तेही बघा. सभागृहाचा करार, बँकेचं खातं, कार्यक्रमाची जबाबदारी हे सगळं एकाच माणसाच्या नावावर चाललं असेल तर हवीच. उद्या कुणी पायरीवरून घसरून पडलं तर नोटीस त्या एकाच्या घरी जाईल. पण केवळ या एका देणगीसाठी घाई चालली असेल, तर दुसरीही वाट आहे. तुमच्याशी जुळणारी, आधीच नोंदलेली एखादी संस्था शोधायची आणि तिच्या छत्राखाली एक उपक्रम म्हणून वर्ष-दोन वर्षं काढायची. देणगी त्यांच्या खात्यात येते, हिशेब ते ठेवतात आणि व्यवस्थापनखर्च म्हणून ठरलेला हिस्सा घेतात. कायदा जागोजागी वेगळा, तेव्हा हे तुमच्याकडे कसं बसतं ते जाणकाराला विचारा. करार मात्र लेखी करा, आणि बाहेर पडताना गटाचं नाव व ध्वनिमुद्रणं आमच्याबरोबर येतील, हे त्यात पहिल्या पानावर असू द्या.

आता कामांचं. असे गट चालतात ते कुणाच्या डोळ्यांवर न येणाऱ्या कामांवर. खुर्च्या मांडणं, दाराशी उभं राहून नव्या माणसाला नाव विचारणं, बोलता बोलता रडू कोसळलेल्या बाईंना दुसऱ्या दिवशी फोन करणं, लांबण लावणाऱ्याला खुणेनं आवरतं घ्यायला सांगणं. आमच्याकडे समन्वयक नेमली आणि तिला मानधन सुरू झालं. त्यानंतरच्या पहिल्याच बैठकीला मी पोचलो तेव्हा खुर्च्या घडी करून भिंतीला टेकवलेल्या आणि माणसं खांद्याला पिशव्या अडकवून उभी. नेहमी सगळ्यांच्या आधी येऊन खुर्च्या लावणारे गृहस्थ आलेले होते, तेही उभेच. मी त्यांच्याकडे पाहिलं तर म्हणाले, “आता माणूस नेमलाय ना.” रागानं नव्हे, अगदी सहज. समन्वयक बिचारी दाराशी पावतीपुस्तक शोधत होती. खुर्च्या आपल्याकडे आहेत हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

यात त्या गृहस्थांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. ज्या कामाला आजवर किंमत लावलेली नव्हती त्याला आम्ही ती लावली, आणि ते त्यांचं राहिलं नाही. इस्रायलमधल्या हायफा शहरातल्या पाळणाघरांवरचा एक अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड सुरू केला, तर उशीर कमी होण्याऐवजी वाढला, आणि दंड काढून घेतल्यावरही पूर्वीइतका कमी झाला नाही. ताटकळणाऱ्या शिक्षिकेबद्दलची भीड दंडाने फिटली, असा त्याचा एक अर्थ लावतात. मानधनाचंही तसंच होतं. एकदा गेलेली भीड मानधन थांबवून परत आणता येत नाही.

म्हणून नेमणूक करण्याआधी गटातली सगळी कामं एका कागदावर उतरवा, फुटकळातली फुटकळसुद्धा, आणि प्रत्येकापुढे आज ते करणाऱ्याचं नाव लिहा. या यादीतच निम्मे गैरसमज मिटतात. मग पगारी माणसाकडे फक्त तीच कामं द्या जी कुणालाच नको असतात: पत्रव्यवहार, पावत्या, अर्ज, अहवाल. खुर्च्या, दार आणि फोन सदस्यांकडेच, पाळीपाळीने. उलट बाजूही सांगतो. एखादी व्यक्ती वर्षानुवर्षं हे अर्ज-अहवाल फुकट करत असेल तर तिला पैसे द्या. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणाऱ्याचं कौतुक सगळे करतात आणि तो दमला की “हल्ली येत नाहीत ते” एवढंच म्हणतात.

गोष्टींचा प्रश्न याहून नाजूक. देणगीदाराला अहवाल लागतो, अहवालाला फोटो लागतो आणि फोटोखाली कुणाचं तरी दुःख लागतं. माझ्या माहितीतल्या एका गटात एका वयस्कर सदस्यांनी भावाशी तुटलेल्या नात्याची गोष्ट सांगितली होती. ती त्यांच्या फोटोसह वार्षिक अहवालात छापून आली. त्यांना ते पुतण्याकडून कळलं. त्यांनी तक्रार केली नाही, यायचे तेवढे थांबले. समोर बसलेल्या ओळखीच्या चेहऱ्यांना विश्वासानं सांगितलेलं आणि छापायला दिलेलं, यातला फरक अहवाल लिहिणाऱ्याच्या गावीच नव्हता.

याबाबत स्टोरीकॉर्प्सची पद्धत बघण्यासारखी आहे. डेव्ह आयसे यांनी 2003 साली न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकात ध्वनिमुद्रणाची एक छोटी खोली उभारून हा उपक्रम सुरू केला. जवळची दोन माणसं सुमारे 40 मिनिटं एकमेकांशी बोलतात. मुद्रणाची प्रत त्यांना मिळते आणि त्यांची परवानगी असेल तरच ती अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधल्या लोकजीवन संग्रहात जपायला जाते. बोलणं एक, जपायला देणं दुसरं.

तुम्ही संमतिपत्र कराल तेव्हा एकच सही घेऊन मोकळे होऊ नका. मुद्रण ठेवायचं का, इंटरनेटवर टाकायचं का, छापायचं का, नाव द्यायचं का, हे चारही प्रश्न वेगवेगळे विचारा. विचारा तेही गोष्ट सांगून झाल्यावर, कारण माणूस काय बोलून जाईल हे त्याला आधी कुठे माहीत असतं? परवानगी मागे घेण्याची सोय ठेवा. गोष्टीत येणारी पण खोलीत नसलेली माणसं, म्हणजे घटस्फोटित नवरा, शेजारी, मुलं, यांचाही विचार करा. त्यांना कुणी काही विचारलेलं नसतं.

आणि एक कलम वकील बहुधा आपणहून सुचवणार नाही. ना-नफा संस्था बंद झाली तर उरलेली मालमत्ता तशाच उद्देशाच्या दुसऱ्या संस्थेकडे द्यावी, अशी तरतूद बऱ्याच ठिकाणच्या कायद्यांत असते. मुद्रणं संस्थेच्या मालकीची म्हणून नोंदवलीत तर तीही कपाट-टेबलांबरोबर तिकडे जातील. म्हणून संस्थेच्या घटनेतच लिहून ठेवा की गोष्टीचा हक्क सांगणाऱ्याचा, संस्था फक्त राखणदार.

व्यासपीठ खुलं ठेवणं हाही यातलाच भाग. तिकीट लावलं की रंगवून सांगणाऱ्यांकडे ओढा वाढतो, मग विश्वस्तांच्या भाच्याला संधी मिळते, आणि अडखळत बोलणारा माणूस मागच्या रांगेत जातो. द मॉथ ही संस्था 1997 साली कादंबरीकार जॉर्ज डॉज ग्रीन यांनी न्यूयॉर्कमधल्या आपल्या घरच्या बैठकीतून सुरू केली. आता ती खूप मोठी झाली आहे. पण तिच्या खुल्या कार्यक्रमांत आजही नाव टाकायचं, चिठ्ठी निघाली की पाच मिनिटांत सांगायचं, असाच रिवाज आहे. निवडक कथनकारांना घेऊन तयारीनिशी केलेले मोठे कार्यक्रम त्यांनी वेगळे ठेवले. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. पैसे मिळवणारा कार्यक्रम खुशाल निवडून बांधा, मासिक बैठकीत मात्र चिठ्ठीच.

तसंच सत्तेचंही. अमेरिकेत टेनेसीतल्या जोन्सबरो गावात जिमी नील स्मिथ या शिक्षकाने 1973 साली कथाकथनाचा महोत्सव भरवला. त्यातून 1975 साली राष्ट्रीय संघटना उभी राहिली. पुढे नव्वदच्या दशकाअखेर तिचे दोन भाग झाले: सदस्यांचं जाळं एकीकडे, महोत्सव आणि केंद्र दुसरीकडे. दोन्हींच्या गरजा निराळ्याच असतात. इमारतीला तिकीटविक्री लागते, सदस्यांना एकमेकांचे कान. तुम्ही लगेच दोन संस्था काढा असं नाही, पण बैठक चालवणारी समिती विश्वस्तांपासून वेगळी ठेवा. बैठकीचे नियम सदस्यांच्या बहुमताशिवाय बदलता येणार नाहीत, असं घटनेत घाला. विश्वस्तांत दोघंतरी असे घ्या ज्यांना ताळेबंद वाचायला खरोखर आवडतं. सगळेच कथनकार असले तर सभा रंगते आणि हिशेब राहतो. अध्यक्षपदाला मुदत हवी, मग अध्यक्ष संस्थापक का असेना.

पैशांचं चटकन सांगतो. खात्यावर दोन सह्या. तीन महिन्यांचा खर्च राखीव. एकाच देणगीदाराच्या भरवशावर कुणाचा पगार ठरवू नका. ठरावीक उपक्रमासाठी आलेली देणगी भाड्याला वापरता येत नाही, म्हणून मागतानाच भाडं, लेखापरीक्षण आणि समन्वयकाचं मानधन अर्जात धरा. “आम्ही फक्त कार्यक्रमाचा खर्च देतो” म्हणणाऱ्याला विचारा, मग अहवाल कुणी लिहायचा?

देणगीदाराला होकार कळवण्याआधी हा सगळा मजकूर पूर्ण गटापुढे वाचून दाखवा. ज्यांना नोंदणी नको आहे त्यांची कारणं इतिवृत्तात त्यांच्याच शब्दांत घ्या, आणि वर्षभराने पहिल्या सर्वसाधारण सभेत ती एकेक करून पुन्हा विषयपत्रिकेवर ठेवा.