अंडकोषाच्या पिशवीतली साधी सिस्ट काढल्यावर पुन्हा होते का? कर्करोगाची भीती वाटते.

हो, पुन्हा होऊ शकते. पण पुन्हा झाली म्हणजे कर्करोग झाला, असं अजिबात नाही. तुमच्या सोनोग्राफीत ‘एपिडिडायमल सिस्ट’ लिहिलंय, म्हणजे ही पाण्याची गाठ वृषणात नसून त्याच्या मागे बिलगलेल्या नळीत आहे. मलाही उजवीकडे वाटाण्याएवढी आहे, आणि यूरोलॉजिस्टनी ती तशीच राहू द्या म्हणून सांगितलंय. सुईने पाणी काढलं तर बहुधा परत भरतं. ऑपरेशनने ती गाठ जाते, पण शेजारी नवी येऊ शकते, शिवाय शुक्राणू वाहणाऱ्या त्या नाजूक नळीला इजा होऊ शकते. म्हणून मूल हवं असेल तर, फार दुखत नसल्यास, घाई करू नका. महिन्यातून एकदा, गरम पाण्याच्या अंघोळीनंतर, अंगठा आणि दोन बोटांत हलकेच फिरवून बघा. रोज चाचपू नका हो, त्यानेच दुखायला लागतं आणि जीव नुसता टांगणीला लागतो. मात्र खुद्द वृषणावर टणक गाठ लागली तर लगेच दाखवा. आणि एकाएकी असह्य कळ आली तर रात्र असली तरी थेट इस्पितळ गाठा, कारण वृषणाला पीळ पडला असेल तर साधारण 6 तासांतच ते वाचवता येतं.