लेकीला वीज साठवण्यावर संशोधन करायचंय, प्रवेश कुठे घ्यावा?

वणी तालुक्यातल्या एका शेतकरी वडिलांचं पत्र आहे. थोडक्यात असं: “पऱ्हाटी आणि तूर, थोडं ओलित. शेतात 5 एचपीचा सौरपंप बसवला आहे. मुलगी बारावी सायन्सला. ती म्हणते, दुपारी प्लेटा फुकट तापतात आणि संध्याकाळी डीपीवर लोड आला की घरातला बल्ब मिणमिणतो. ही वीज साठवायची कशी, यावरच तिला संशोधन करायचं आहे. एका खासगी कॉलेजचा माणूस घरी येऊन ‘रिन्यूएबल एनर्जी’ची सीट मॅनेजमेंट कोट्यातून देतो म्हणाला. नातेवाईक म्हणतात, पोरीनं इलेक्ट्रिकल घेऊन खांबावर चढायचं का? काय करू?”

भाऊ, आधी त्या कॉलेजवाल्याला नाही म्हणून कळवा. वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना राज्य सरकारने 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. अट एवढीच की प्रवेश कॅपच्या, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, फेरीतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की ही सवलत गेली. शिवाय शाखेच्या नव्या नावाला भुलू नका. भरतीच्या जाहिरातीत सहसा ‘इलेक्ट्रिकल’ लिहिलेलं असतं, मग आपली पदवी त्याच्या बरोबरीची आहे हे पटवत बसावं लागतं.

लेकीचा प्रश्न मात्र अस्सल आहे. 5 एचपीच्या पंपाला साधारण 4.8 किलोवॅटच्या प्लेटा असतात. उघडीप असली तर दिवसाला 20 युनिटच्या आसपास वीज त्यातून निघू शकते. ओलित नसेल त्या दिवशी सगळी वाया. राजस्थानात हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. 2025 मध्ये वीज वाहून न्यायला लाईनी अपुऱ्या पडल्या, म्हणून सौरप्रकल्पांना भर दुपारी उत्पादन कमी करायला लावलं गेलं. आणि दिवेलागणीला मागणी चढते तेव्हा सौरवीज शून्यावर आलेली असते.

मग बॅटरी लावा की, असं आपण सहज म्हणतो. लावतातही. गोंदियाच्या पलीकडे राजनांदगावला 100 मेगावॅटच्या सौरप्रकल्पाला 120 मेगावॅट-तासांची बॅटरी जोडली आहे, 2024 पासून. संध्याकाळी ती 40 मेगावॅटने तीन तास वीज देऊ शकते. पण लिथियम जवळजवळ सगळं बाहेरून येतं, आणि उन्हाने बॅटरी लवकर म्हातारी होते. तिची क्षमता सहसा 25 अंशांच्या आसपास मोजलेली असते. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, टिनाच्या शेडमध्ये तर विचारूच नका. आपल्या उन्हात टिकणारी, सोडियमसारख्या स्वस्त पदार्थाची बॅटरी, हे काम अजून बरंच बाकी आहे, आणि ते विदर्भातल्या पोरीला पुण्या-मुंबईच्या पोरांपेक्षा लवकर उमगेल असं मला वाटतं.

दुसरा अर्धा भाग ग्रीडचा, म्हणजे सगळी वीजकेंद्रं जोडणाऱ्या तारांच्या जाळ्याचा. तो बाहेरून दिसत नाही, म्हणून पोरं तिकडे कमी वळतात. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रातली टर्बाइनं प्रचंड जड असतात. कुठे एखादा संच अचानक बंद पडला तर बाकीची फिरती टर्बाइनं आपल्या वेगाच्या जोरावर काही सेकंद सावरून धरतात आणि विजेची 50 हर्ट्झची फ्रिक्वेन्सी (सेकंदाला 50 आवर्तनं) एकदम कोसळत नाही. कडबाकुट्टीचं जड चाक हात सोडल्यावरही फिरत राहतं, तसंच. सौर प्लेटेत फिरणारं काहीच नाही. तिच्या इन्व्हर्टरने ते काम कसं करावं, यावर जगभर संशोधन चालू आहे. तुमच्या जवळच, भद्रावतीला, 1000 मेगावॅटचं एचव्हीडीसी केंद्र आहे. ते एका ग्रीडची वीज आधी डीसी करून मग दुसऱ्या ग्रीडला देतं, त्यामुळे दोन्हींची फ्रिक्वेन्सी जुळावी लागत नाही. 31 डिसेंबर 2013 ला दक्षिणेचं ग्रीड देशाच्या ग्रीडला थेट जोडलं गेलं. त्याआधी तिकडे वीज जायची ती अशाच दुव्यांमधून.

म्हणजे वाटा दोन. ग्रीड आवडत असेल तर इलेक्ट्रिकल: जेईई मेनमधून नागपूरचं व्हीएनआयटी, नाहीतर सीईटीतून अमरावती, यवतमाळ, चंद्रपूर किंवा नागपूरचं शासकीय अभियांत्रिकी. व्हीएनआयटी केंद्राचं असल्याने राज्याची फीमाफी तिथे धरू नका, पण कमी उत्पन्नाच्या घरांना तिथेही शिक्षण शुल्कात मोठी सूट मिळते. बॅटरीत जीव रमत असेल तर केमिकल, किंवा सरळ बीएस्सी केमिस्ट्री करून जॅम या प्रवेश परीक्षेतून आयआयटीत एमएस्सी. तमिळनाडूत कराईकुडीला सीएसआयआर या केंद्राच्या संशोधन परिषदेची सेक्री ही संस्था बॅटरीमागच्या विद्युत-रसायनशास्त्रालाच वाहिलेली आहे. बीएस्सी म्हटलं की आपल्याकडे नाक मुरडतात. या विषयात ते चुकीचं आहे.

पैशाचंही ऐका. बीटेकला चार वर्षं, पुढे पीएचडी मिळून साधारण दहा वर्षं जातात. पीएचडीला फेलोशिप असते: जेआरएफला (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) पहिली दोन वर्षं महिना 37,000, नंतर 42,000 रुपये, घरभाडं वेगळं. तेव्हा घरून पैसे मागवावे लागत नाहीत. कायमच्या संशोधक जागा मात्र थोड्या आहेत, हे तिला आजच सांगा. इलेक्ट्रिकलचा फायदा असा की मध्येच थांबायची वेळ आली तरी महापारेषण, महानिर्मिती, पॉवर ग्रिडची दारं असतात.

खांबाचं म्हणाल तर महावितरणमध्ये बायका खांबावर चढतातही, आणि त्यात कमीपणा काही नाही. संशोधनाशी त्याचा संबंध नाही, एवढंच नातेवाइकांना सांगा.

लेकीला एक काम द्या. पंपाच्या कंट्रोलरवर आकडे दिसत असतील तर ओलिताच्या दिवशी सकाळी दहा, दुपारी एक आणि चार वाजता वहीत उतरवून ठेवायचे, थंडीतही आणि एप्रिलमध्येही. प्लेट तापली की वीज कमी देते. का, ते तिने फिजिक्सच्या सरांना विचारावं. यात तिचा जीव रमला तर ग्रीड की बॅटरी हे तिचं तिलाच कळेल. परीक्षेच्या महिन्यात वही बंद.

आणि तुमचं काम: उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, ओबीसी असाल तर नॉन-क्रिमीलेअर. जूनमध्ये सेतू केंद्रावर झुंबड उडते आणि एका दाखल्यापायी कॅपची फेरी हुकते. उत्पन्नाचा दाखला नव्या आर्थिक वर्षाचा लागतो, तो एप्रिलमध्येच काढा. बाकीचे आत्ताच.