दोनशे विजा आणि राहिलेले दोन अध्याय

प्रिय मित्रा,

तुझं पत्र परवा आलं आणि मी ते दोनदा वाचलं. एकतीस प्लॅटिनम झाली, म्हणजे एकतीस गेममध्ये ठरवून दिलेली कामं करून मिळणाऱ्या सगळ्या ट्रॉफ्या तू मिळवल्यास, हे वाचून मनापासून आनंद झाला. त्यामागे किती रात्री गेल्या असतील, ते मला ठाऊक आहे. पण त्याच पत्रात पुढे लिहिलंयस, की गेल्या दोन वर्षांत एवढा आवडलेला गेम दुसरा नाही, आणि तरीही शेवटचे दोन अध्याय राहिले असताना तू तो बंद केलास. कारण काय, तर तिसऱ्या अध्यायातली एक ट्रॉफी हातून सुटली, आणि ती घ्यायची तर सगळं पहिल्यापासून खेळावं लागणार. तिथे मी अडखळले. हे पत्र त्या दोन अध्यायांसाठीच लिहितेय.

आधी एक सांगते. ट्रॉफ्यांचा नाद सोड, असं मी तुला कधीच म्हणणार नाही. हा नाद आपल्याहून जुना आहे. १९८२ साली अटारीवर ‘पिटफॉल’ आला, तेव्हा २०,००० गुण झाले की लोक टीव्हीच्या पडद्याचा फोटो काढून कंपनीला पोस्टाने पाठवायचे आणि तिकडून एक कापडी बिल्ला यायचा. पुढे २००५ मध्ये एक्सबॉक्स ३६० वर अचीव्हमेंट आल्या, जुलै २००८ मध्ये प्लेस्टेशन ३ वर ट्रॉफ्या आल्या, आणि बिल्ल्याची जागा त्या टिंग आवाजाने घेतली. आपण हे केलं याची कुठेतरी नोंद राहावी, असं माणसाला वाटतंच. त्यात काही चुकीचं नाही.

उलट मला सगळ्यात जवळची वाटणारी एक ट्रॉफी तशी बघायला गेलं तर निव्वळ छळ आहे. ‘फायनल फँटसी १०’मध्ये एक माळरान आहे, तिथे सतत विजा कोसळतात. पडदा क्षणभर पांढरा होतो, त्या क्षणी बटण दाबलं तर वीज चुकते. अशा लागोपाठ २०० चुकवायच्या. एक जरी अंगावर आली तरी पुन्हा एकपासून. पडद्यावर आकडा दिसत नाही, आपला आपणच मोजायचा. मी तीन संध्याकाळी घालवल्या. दुसऱ्या संध्याकाळी १८७ वर चुकले आणि कंट्रोलर मांडीवर ठेवून कितीतरी वेळ नुसती बसून राहिले. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, की मी आकड्याकडे लक्ष ठेवते म्हणून चुकते. मग दहा-दहाचे गट केले, प्रत्येक गटानंतर कागदावर एक रेघ ओढली आणि रेघांकडे बघणंही सोडलं. विसावी रेघ ओढली तेव्हा हात थरथरत होते. घाई करणारं मन कसं शांत करायचं, हे त्या माळरानावर मी शिकले. ते पुढे मला गेमच्या बाहेरही अनेकदा उपयोगी पडलं. ती ट्रॉफी नसती तर मी तिथे पाच मिनिटंही थांबले नसते.

म्हणजे ट्रॉफ्यांची यादी वाईट नसते. ती आपल्याला अशा कोपऱ्यात नेते, जिथे आपण एरवी गेलो नसतो. ‘जर्नी’ या छोट्या गेममध्ये तर एक ट्रॉफी आठवडाभर गेम न उघडता मग परत येण्यासाठी आहे. ज्याने ती ठेवली, त्याला खेळणाऱ्याबद्दल माया असणार. यादीत अशी माया कुठे आहे आणि नुसती भर कुठे आहे, हे ओळखायची नजर तुला आता यायला हवी. शंभर पिसं गोळा कर, पाचशे शत्रू मार, सगळी खोकी फोड, असल्या ट्रॉफ्यांमागे बहुतेकदा कुणाचाच विचार नसतो. त्या घ्यायच्या तर घे, पण त्यांच्यापायी रात्र जागू नकोस.

आता तुझ्या खऱ्या दुखण्याकडे येते. तू लिहितोस, नवा गेम सुरू करण्याआधीच गाइड, म्हणजे कुठली ट्रॉफी कशी मिळवायची ते सांगणारी यादी, उघडतोस, आणि हल्ली प्लॅटिनम मिळाल्यावर काहीच वाटत नाही. या दोन्ही गोष्टी एकच आहेत असं मला वाटतं.

१९७३ मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. चित्रं काढायला आवडतं अशीच मुलं त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी चांदणी आणि रिबीन लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना आधी काहीच सांगितलं नाही, चित्र झाल्यावर तेच प्रशस्तिपत्र अचानक हातात दिलं. उरलेल्यांना काहीच दिलं नाही. पुढे काही दिवसांनी वर्गात रंगीत पेनं नुसती मांडून ठेवली, तेव्हा बक्षिसाचं आधी कबूल केलेली मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत बसली. ज्यांना बक्षीस अचानक मिळालं होतं, त्यांची गोडी मात्र जराही कमी झाली नव्हती.

हे वाचलं तेव्हा मला माझीच दोन-तीन वर्षं आठवली. बक्षीस दोन्ही गटांना तेच होतं. फरक पडला तो आधी कबूल करण्याने. तुझ्या ट्रॉफ्यांनी तुझी गोडी खाल्लेली नाही, ती आधी वाचलेल्या यादीने खाल्ली. म्हणून एक कर. पहिल्या फेरीत यादी उघडूच नकोस. सेटिंगमध्ये जाऊन ट्रॉफीची सूचनाही बंद करता येते, ती कर. गेम संपू दे, शेवटची नावं सरकून जाऊ देत, आणि मग यादी उघड. न मागता आलेल्या पंधरा-वीस ट्रॉफ्या तिथे तुझी वाट बघत असतील. बाकीच्या बघून तेव्हा ठरव, या जगात परत जायचंय का.

पण ताई, मग काहीतरी कायमचं सुटेल, असं तू म्हणशील. सुटेल की! पण सुटलेल्या ट्रॉफीची किंमत फार तर आणखी एक फेरी. जो गेम खरंच आवडला तो दुसऱ्यांदा खेळणं ही शिक्षा कशी? आणि दुसऱ्यांदा खेळावासा वाटत नसेल, तर त्याच्या प्लॅटिनमवर आणखी तीस तास कशाला घालवायचे? अपवाद एकच, ऑनलाइन ट्रॉफ्यांचा. सर्व्हर एकदा बंद झाले की कितीही कौशल्य असलं तरी ते प्लॅटिनम मिळत नाही. तेव्हा जुना गेम घेताना सर्व्हर चालू आहेत का, एवढं आधी कुणाला तरी विचारून ठेव. त्याला यादी वाचावी लागत नाही.

माझी एक चूक सांगते. ‘ब्लडबोर्न’च्या प्लॅटिनमला तिन्ही शेवट बघावे लागतात. मी शेवटच्या निवडीआधी सेव्हची, म्हणजे तिथवरच्या खेळाच्या नोंदीची, प्रत काढून ठेवली. एक शेवट बघितला, प्रत परत टाकली, दुसरा बघितला, पुन्हा प्रत, मग तिसरा. सगळं एका रात्रीत उरकलं. दीडेक महिना मी त्या अंधाऱ्या शहरात वावरले होते, त्याच्या गल्ल्या मला पाठ झाल्या होत्या. पण त्यातून बाहेर पडण्याचा जो एक क्षण माझा असायला हवा होता, त्याचे मी तीन तुकडे केले. पहिला शेवट आठवडाभर मनात घोळायला हवा होता. आज त्यातलं मला जवळजवळ काहीच आठवत नाही. पहिल्याच बॉसशी, म्हणजे मोठ्या शत्रूशी, झालेली झुंज मात्र घाव न् घाव आठवते. सेव्हची प्रत काढणं ही लबाडी होती, असं मी म्हणत नाही. वेळ वाचवायला ती चांगली युक्ती आहे. फक्त तो वेळ वाचवायचा नव्हता.

आकड्यांचंही थोडं सांगते, कारण तुझ्या पत्रात लेव्हलचा, म्हणजे ट्रॉफ्यांच्या गुणांवरून ठरणाऱ्या पायरीचा, उल्लेख तीनदा आलाय. ब्राँझ ट्रॉफीचे १५ गुण, सिल्व्हरचे ३०, गोल्डचे ९०, आणि प्लॅटिनमचे ३००. हे ३०० सगळीकडे सारखेच. तासाभरात होणाऱ्या गेमलाही तेवढेच, आणि ‘वुल्फेन्स्टाइन २’लाही तेवढेच, ज्यात अख्खा गेम एकदाही न मरता, मध्ये कुठेही सेव्ह न करता संपवावा लागतो. मग लेव्हलच्या आकड्यातून तुझ्याबद्दल काय कळणार? दुसऱ्या कुणाची लेव्हल बघून तू कष्टी होतोस, त्याची मला फार काळजी वाटते. त्याने काय खेळलं, कसं खेळलं, त्यात त्याचं मन होतं का, यातलं काहीच त्या आकड्यात नसतं.

आणि ‘पूर्ण’ या शब्दाचा धाक बाळगू नकोस. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये ९०० कोरोक बिया लपवलेल्या आहेत, पण सामान ठेवायच्या सगळ्या जागा वाढवायला ४४१ पुरतात. म्हणजे निम्म्याहूनही कमी. रस्ता कुठलाही धरलास तरी वाटेत काहीतरी सापडावं, म्हणून त्या इतक्या पसरून ठेवल्यात. सगळ्या वेचल्याच पाहिजेत, अशी बनवणाऱ्यांची अपेक्षाच नाही. मी दोनशेच्या आसपास थांबले. त्या जगात माझं काही राहून गेलंय असं मला कधी वाटलं नाही. तुला सगळ्या वेचाव्याशा वाटल्या तर जरूर वेच. पण त्या डोंगरांत फिरायला आवडतं म्हणून वेच.

हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, असं आपण म्हणतो. तुझं उलट झालंय. एक शेपूट निसटलं म्हणून तू दारात आलेला हत्ती परत पाठवलास. ज्या माणसांबरोबर तू चाळीस तास चाललास, त्यांचं पुढे काय झालं हे तुला अजून माहीत नाही. ती बहीण घरी पोचली का, हे तू मला पत्रात विचारलंयस. मी तो गेम खेळले आहे. मला उत्तर माहीत आहे, पण मी सांगणार नाही.

सेव्ह पुसली नसशील अशी आशा आहे. या शनिवारी यादी बंद ठेव, सूचना बंद कर आणि ते दोन अध्याय खेळ. तीन-साडेतीन तास लागतील. शेवटच्या पुलावर घाई करू नकोस, तिथलं संगीत पूर्ण ऐक. मग मला लिही.

तुझी,
ताई