चावी लहान करू नका, ते ४० बिटांचं प्रकरण जुनं आहे

तुमचा प्रश्न मला असा समजला: फाइलींना कुलूप लावणारं छोटं साधन तुम्ही लिहिलंय आणि त्याचं डेबियन या लिनक्स प्रणालीसाठी पॅकेज करून ते सोर्ससकट (मूळ कोडसकट) गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर फुकट ठेवायचंय. एका जुन्या रीडमीत (सॉफ्टवेअरसोबतच्या माहितीच्या फाइलीत) ‘अमेरिकेबाहेर नेण्यास मनाई’ असं वाचलंत, वर कुणीतरी ‘भारतात एन्क्रिप्शनची चावी ४० बिटांच्या पुढे गेली की परवानगी लागते’ असं सांगितलं. म्हणून छोट्या चावीची एक वेगळी आवृत्ती काढावी का, असं विचारताय.

अजिबात काढू नका. कारणं सांगतो, पण तोवर चावीच्या लांबीला हात लावू नका.

आधी त्या रीडमीबद्दल. १९९०च्या दशकात अमेरिकेत एन्क्रिप्शन सॉफ्टवेअर युद्धसाहित्याच्या यादीत होतं. फिल झिमरमन यांचं पीजीपी हे ईमेल आणि फाइली एन्क्रिप्ट करणारं सॉफ्टवेअर १९९१ मध्ये आलं, इंटरनेटवरून देशाबाहेर गेलं आणि त्यांच्यामागे फौजदारी चौकशी लागली. ती १९९६ मध्ये आरोप न ठेवता बंद झाली. १९९४ मध्ये फिल कार्न या अमेरिकन अभियंत्याने सरकारला विचारलं की क्रिप्टोग्राफीचं एक पुस्तक बाहेर पाठवता येईल का. उत्तर आलं, खुशाल पाठवा. मग त्याच पुस्तकातला कोड फ्लॉपीवर घालून विचारलं, तर नकार! कागदावरचा कोड चालतो आणि फ्लॉपीवरचा चालत नाही, हे म्हटल्यावर पुढे पीजीपीचा सोर्स पुस्तकरूपात छापून युरोपात नेला आणि तिथे पानं स्कॅन करून पुन्हा उभा केला. तुम्ही वाचलेली ओळ त्या काळातली आहे. लोक ती एका प्रकल्पातून दुसऱ्यात नुसती चिकटवत आले.

डेबियनमध्ये हे मी स्वतः अनुभवलंय. २००१ मध्ये घरी डायल-अपवर डेबियन टाकलं तेव्हा मुख्य संग्रहात टेलनेट (दूरच्या मशीनवर कुलुपाविना जोडणारं साधन) होतं, पण तेच काम एन्क्रिप्ट करून करणारं एसएसएच नव्हतं. त्यासाठी सोर्सेस-लिस्टमध्ये (पॅकेजं कुठून आणायची त्या यादीत) ‘नॉन-यूएस’ नावाची वेगळी ओळ घालावी लागायची, आणि ती नेदरलँड्समधल्या सर्व्हरकडे जायची. म्हणजे नवखा माणूस आधी असुरक्षित साधन वापरायला शिकायचा, आणि सुरक्षित साधन कुठे मिळतं ते कुणी सांगितलं तरच कळायचं. अमेरिकेत बसलेल्या डेव्हलपरने तिकडे पॅकेज चढवलं तर तीच निर्यात ठरायची. २० नोव्हेंबर २००२ला नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाच्या नेटवर्क केंद्राला आग लागली, त्यात डेबियनचं एक मशीन जळालं. नॉन-यूएसचा संग्रह त्यावर होता आणि सुरक्षा-अपडेटचाही. कायद्यापायी पॅकेजं एका कोपऱ्यात ढकलली की काय होतं, ते त्या दिवशी दिसलं.

सुदैवाने तोवर नियम सैल झाले होते. डॅनियल बर्नस्टीन या क्रिप्टोग्राफरने सरकारविरुद्ध लढवलेल्या खटल्यात १९९९ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने सोर्स कोडला अभिव्यक्ती मानलं. जानेवारी २००० मध्ये नवे नियम आले: सोर्स सगळ्यांसाठी खुला ठेवत असाल तर परवाना नको, वाणिज्य खात्याला आणि एनएसए या गुप्तचर संस्थेला सोर्सचा इंटरनेटवरचा पत्ता कळवणारी एक ईमेल पुरे. त्या आधारावर २००२ मध्ये डेबियनने वकिलांचा सल्ला घेऊन क्रिप्टो मुख्य संग्रहात आणलं. २०२१ पासून तर प्रमाणित अल्गोरिदम वापरणाऱ्या खुल्या सोर्सला ती ईमेलही लागत नाही. फक्त स्वतः रचलेला, कुठल्याही मानकात नसलेला अल्गोरिदम असेल तर कळवावं लागतं. तुम्ही लिबसोडियम ही तयार एन्क्रिप्शन लायब्ररी वापरताय, तेव्हा तो प्रश्न नाही. (आणि अल्गोरिदम स्वतः रचायचाच नसतो, हे वेगळं.)

आता आपल्याकडची ४० बिटांची गोष्ट. ती खोटी नाही, पण होती इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपन्यांच्या जुन्या परवान्यात. २००१ मध्ये रिझर्व्ह बँक नेट बँकिंगसाठी किमान १२८ बिटांचं एसएसएल (ब्राउझर आणि सर्व्हरमधलं एन्क्रिप्शन) सांगत होती, म्हणजे दोन सरकारी कागद एकमेकांच्या विरुद्ध होते. त्या कंपन्यांच्या नंतरच्या परवान्यात, म्हणजे युनिफाइड लायसन्समध्ये, हा विषय आयटी कायद्याकडे सोपवला आहे. त्या कायद्याचं कलम ८४अ केंद्राला एन्क्रिप्शनच्या पद्धती ठरवायचा अधिकार देतं. त्याखालचं धोरण सप्टेंबर २०१५ मध्ये मसुद्याच्या रूपात आलं. एन्क्रिप्ट न केलेल्या साध्या मजकुराची प्रत ९० दिवस जपून ठेवा, अशी अट त्यात होती. ओरड झाली आणि काही दिवसांतच मसुदा मागे घेतला गेला.

४० बिट म्हणजे सुमारे १.१ लाख कोटी चाव्या. आकडा मोठा वाटतो, पण १९९५ मध्येच फ्रान्समध्ये एका संशोधकाने नेटस्केप या त्या वेळच्या ब्राउझरची असली चावी आठ दिवसांत शोधली होती. खरं नुकसान पुढचं आहे. निर्यातीसाठी मुद्दाम कमकुवत केलेले पर्याय कोडमध्ये तसेच पडून राहिले. २०१५ मध्ये ‘फ्रीक’ हल्ल्याने दाखवलं की मधला माणूस ब्राउझर आणि सर्व्हरला ५१२ बिटांच्या त्या जुन्या चावीवर उतरवू शकतो, आणि ती भाड्याच्या क्लाउडवर काही तासांत, सुमारे १०० डॉलरमध्ये फुटते. दोन महिन्यांनी ‘लॉगजॅम’ हा तसाच हल्ला आला, मूळ तेच. नियम जाऊन पंधरा वर्षं झाली होती! तुमची ‘छोट्या चावीची आवृत्ती’ अशीच कुणाच्या तरी मशीनवर पडून राहील, म्हणून मी एवढा अडून बसलोय. जावा भाषेत लिहिणाऱ्यांना लांब चावी वापरली की येणारा ‘इल्लीगल की साइझ’ हा एरर आठवत असेल. तोही याच कुळातला, जावा ८च्या १६१ क्रमांकाच्या अपडेटपर्यंत चालला.

तुम्हाला खरंच लक्ष घालावं लागेल ते पुढे, बंद सोर्सचं सॉफ्टवेअर परदेशी विकायला काढलंत तर. डिसेंबर २०१७ पासून भारत वासेनार या निर्यात-नियंत्रणाच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, आणि विदेश व्यापार महासंचालनालयाच्या स्कोमेट या नियंत्रित निर्यातीच्या यादीतल्या आठव्या वर्गात माहिती-सुरक्षा येते. त्या करारात सार्वजनिक खुल्या सॉफ्टवेअरला सूट आहे, विक्रीच्या मालाला सरसकट नाही. तेव्हा निर्यात कायद्याच्या जाणकाराला पैसे देऊन विचारा. आयफोनचं ॲप केलंत तर अपलोड करताना एन्क्रिप्शनचा प्रश्न येतो, त्याला डोळे झाकून ‘नाही’ म्हणू नका. आणि गिटहब अमेरिकन कंपनी असल्याने तिकडचे आर्थिक निर्बंध तिला पाळावे लागतात. २०१९ मध्ये इराण, सीरिया आणि क्रिमियातल्या कित्येकांची खाती त्यामुळे अडली होती. तुमच्या रेपोला (गिटहबवरच्या प्रकल्पाला) त्याचा त्रास नाही, पण सोर्सची एक प्रत दुसरीकडेही ठेवा.

रीडमीतली ती मनाईची ओळ काढा. तिच्या जागी कोणती लायब्ररी, कोणता अल्गोरिदम, किती बिटांची चावी, एवढं स्पष्ट लिहा. डेबियनमध्ये पॅकेज तपासणाऱ्यालाही तेच लागतं.