टाच कुणाकडे बघतेय? तायक्वांदो शिकणाऱ्यांचे प्रश्न

तायक्वांदोबद्दल आलेल्या पत्रांत बहुतेक पत्रं पालकांची आहेत, थोडी स्वतः शिकणाऱ्यांची. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, यलो बेल्ट. क्लासमध्ये राउंड किकचा सराव जास्त झाला की रात्री गुडघा दुखतो म्हणते. गंमत म्हणजे किक मारते तो पाय नाही, दुसराच. सवय होईल, असं क्लासमध्ये सांगतात. — एक आई, चिंचवड

याची सवय होऊ द्यायची नाही. दुखतोय तो उभा राहिलेला पाय, आणि बहुतेक वेळा कारण एकच असतं: किक मारताना तो जमिनीवर फिरतच नाही. दोल्यो चागी, म्हणजे आपल्याकडची राउंड किक, ही कंबर वळवून मारायची लाथ आहे. कंबर वळली, मांडी वळली, पण तळवा मॅटला चिकटून राहिला, तर सगळा पीळ मधल्या सांध्यात जातो. ओला पंचा पिळताना एक टोक घट्ट धरून दुसरं फिरवतो, तसंच. तो पीळ गुडघ्याच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध आणि आतली कुर्चेची गादी झेलत राहतात.

घरी तपासायला खडू पुरतो. फरशीवर एक सरळ रेघ ओढा. तिच्या एका टोकाला भिंतीजवळ मुलीला उभं करा, दुसरं टोक म्हणजे लक्ष्य. भिंतीला एक हात टेकवून तिला अगदी सावकाश, चार आकड्यांत किक मारू द्या. पहिल्याला गुडघा सरळ समोर वर येतो, टाच ढुंगणाजवळ. दुसऱ्याला खालचा पाय चवड्यावर फिरतो, त्याच वेळी कंबर उलटते आणि वरची नडगी आडवी होते. तिसऱ्याला पाय सुटतो. चौथ्याला पाय पुन्हा दुमडतो आणि मगच खाली येतो. तिसऱ्या आकड्याला तिला तसंच थांबवा आणि खालच्या पायाकडे बघा. टाच लक्ष्याकडे बघत असेल तर ठीक. बोटंच अजून लक्ष्याकडे असतील, तर दुखण्याचं मूळ तिथे आहे.

पाय न फिरण्याची कारणं मात्र वेगवेगळी. वजन चवड्याऐवजी टाचेवर असतं, हे सर्वांत नेहमीचं. टाच कागदभर उचलायला सांगितली तरी काम होतं. दुसरं, झेपत नाही एवढ्या उंचीवर मारायची घाई. डोक्याच्या उंचीची वाकडी किक बघायला छान दिसते, पण या वयात बेल्टच्या उंचीवरची स्वच्छ किक जास्त मोलाची. तिसरं कारण पायाखालचं. नवीन फोमची मॅट घामेजल्या तळव्याला धरून ठेवते. गच्चीवर कोब्यावर बूट घालून सराव करणं तर सगळ्यांत वाईट, कारण बुटाचा रबरी तळवा बनवलेलाच असतो न घसरण्यासाठी.

दोन आठवडे उंची आणि वेग दोन्ही बाजूला ठेवा. रोज प्रत्येक पायाने दहा, भिंतीच्या आधाराने, चार आकड्यांत. पॅडवर जोराने मारणं तोवर बंद. गुडघ्याला सूज असेल, तो मध्येच अडकत असेल, चालतानाही दुखत असेल, तर हे काही करत बसू नका, अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. आणि दुखणं नेमकं वाटीच्या खालच्या हाडाच्या उंचवट्यावर असेल तर प्रकरण निराळं आहे. वाढत्या वयात तिथे मांडीच्या स्नायूचा ताण येतो. त्यालाही डॉक्टरांचा सल्ला हवा, आणि उड्या काही काळ थांबवाव्या लागतात.

मुलगा तेगुक इल जांग पाठ म्हणतो तशी करतो, पण संपतो तेव्हा सुरुवातीच्या जागेपासून दोन फूट बाजूला असतो. परीक्षेत याचे गुण जातात का? — एक वाचक, फोंडा

जातात. पूमसे, म्हणजे तेगुक इल जांगसारखी ठरलेल्या क्रमाच्या हालचालींची मालिका, जिथे सुरू होते तिथेच संपायला हवी. इल जांगमध्ये 18 हालचाली आहेत आणि चालण्याच्या आडव्या रेघा तीन. त्या 'कॉन' या चिन्हाच्या तीन अखंड रेघा, अर्थ आकाश. प्रत्येक रेघेवर जेवढं डावीकडे जायचं तेवढंच उजवीकडे यायचं असतं.

बाजूला सरकण्याचा उगम बहुधा तिसऱ्या रेघेवर, चौदाव्या आणि सोळाव्या हालचालीत असतो. तिथे आप चागी, म्हणजे समोरची किक, मारून पुढे ठोसा आहे. किक मारल्यावर पाय दुमडून ठेवायचा असतो. मुलं तो सोडून देतात आणि तो जिथे पडेल तिथे पडतो. उजवी किक जोरकस म्हणून पाय लांब पडतो, डावी कमजोर म्हणून आखूड. झाले दोन फूट. उपाय असा: किकनंतर गुडघा वर दुमडलेला ठेवून एक क्षण थांबायचं, मग चालताना पडतं तेवढंच पाऊल टाकायचं. या उभं राहण्याला आप सॉगी म्हणतात, म्हणजे चालता चालता थांबल्यासारखं.

मागे-पुढे चुकत असेल तर आप कुबी, म्हणजे लांब पाऊल टाकून उभं राहणं, तपासा. ते पाऊल साध्या पावलाच्या दीडपट. पुढचा गुडघा इतका वाकवायचा की खाली मान घालून पाहिलं तर गुडघा आणि अंगठ्याचं टोक एका रेषेत दिसतं. जाताना ही पावलं आखूड पडतात आणि शेवटी, सतराव्या-अठराव्या हालचालीला, पूमसे संपत आल्याच्या आनंदात भलीमोठी.

बेल्ट सारखा सुटतो. शिवाय पावसाळ्यात डोबॉकला (गणवेशाला) कुबट वास येतो आणि तो पिवळट पडतोय. ब्लीच चालेल का? — एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

आधी बेल्ट. मधला भाग बेंबीवर ठेवा, दोन्ही टोकं मागे नेऊन ओलांडा आणि पुढे आणा. पुढे आल्यावर टोकं सारखी आहेत ना, ते याच टप्प्यावर बघायचं, गाठ झाल्यावर नाही. वर असलेलं टोक दोन्ही पदरांच्या खालून वर ओढून घ्या, मग दुसऱ्या टोकाशी गाठ मारा. सुटते ती गाठ दोनदा एकाच बाजूने फिरवलेली असते. पहिल्यांदा डावं उजव्यावरून गेलं असेल तर दुसऱ्यांदा उजवं डाव्यावरून जायला हवं. बरोबर गाठीची टोकं दोन्ही अंगांना सारखी उतरतात. चुकलेल्या गाठीचं एक टोक वर तोंड करतं. नवा बेल्ट कडक असतो, तो काही दिवस हाताने चुरगळून मऊ करा. वर्गात सुटलाच तर शिक्षकांकडे आणि ध्वजाकडे पाठ करून नीट करायचा, अशी रीत आहे.

ब्लीच नको. डोबॉकच्या कापडात बहुधा पॉलिस्टर मिसळलेलं असतं, ते ब्लीचने आणखी पिवळं पडू शकतं, आणि काळ्या गळपट्टीचा रंग जातो. वास येतो तो घामाने भिजलेला डोबॉक बॅगेत रात्रभर कोंबून ठेवल्यामुळे. घरी आल्या आल्या साध्या थंड पाण्यातून काढा, जमेल तेव्हा धुवा, उलटा करून पंख्याखाली वाळत घाला. आठवड्यात तीन दिवस क्लास असेल तर पावसाळ्यात दुसरा जोड लागतोच, त्याला इलाज नाही. बेल्ट काही ठिकाणी मुद्दाम धूत नाहीत. ती श्रद्धेची गोष्ट; घामाचा बेल्ट निदान उन्हात तरी टाका.

शिक्षणासाठी सोलला आलो आहे. जवळच्या दोजांगमध्ये (तायक्वांदोच्या क्लासमध्ये) नाव घालायचंय, पण सगळीकडे लहान मुलंच दिसतात. मोठ्यांना घेतात का? काय माहीत असायला हवं? — एक विद्यार्थी, सोल

घेतात, पण विचारावं लागतं. कोरियातला वस्तीतला दोजांग दुपारभर प्राथमिक शाळेच्या मुलांचा असतो. त्यांची छोटी बस मुलांना शाळेतून आणते, घरी सोडते. मधल्या वेळात तायक्वांदोबरोबर दोरीच्या उड्या आणि खेळही होतात. आईवडील कामावर असताना मुलांची काळजी घेणं हा या धंद्याचा मोठा भाग आहे, हे समजून घेतलं की तिथलं वातावरण फार लष्करी का नाही, याचा उलगडा होतो. मोठ्यांचा वर्ग असला तर रात्री उशिराचा, दिवसाचा शेवटचा. कुठे तो नसतोही, म्हणून पैसे भरण्याआधी एक तास बसून बघा.

दारात बूट काढायचे, आत पाऊल टाकताना समोरच्या ध्वजाला वाकून नमस्कार. शिकवणाऱ्यांना साबॉम्निम, दोजांगच्या मालकांना ग्वानजांगनिम. नावाने हाक नाही, ते वयाने लहान असले तरी नाही. दिलेली वस्तू दोन्ही हातांनी घ्या. रांगेत वरचा बेल्ट पुढे उजवीकडे. तुमची जागा मागे डावीकडे, शेजारी बहुधा दहा वर्षांचं पोर, आणि ते तुमचं वरिष्ठ.

आज्ञा तुम्हाला आपल्याकडच्या क्लासमुळे ओळखीच्या असतील: चार्यॉत म्हणजे सावधान, क्यॉंग्ने म्हणजे वंदन, जुन्बी तयार, शिजाक सुरू, कुमान थांबा. अडतं ते आकड्यांवर, कारण कोरियन भाषेत आकडे दोन प्रकारचे. किक मोजताना हाना, दुल, सेत, नेत. पूमसेचा क्रमांक मात्र इल, ई, साम, सा. म्हणून 'तेगुक हाना' कुणी म्हणत नाही. होकार द्यायचा तो 'ने!' असा, मोठ्याने. मराठी माणसाला पहिले काही दिवस कुणीतरी काहीतरी घेऊन जायला सांगतंय असं वाटतं.

सुट्टीत गंगनममधलं कुक्कीवॉन बघून या. 1972 साली उभं राहिलेलं हे तायक्वांदोचं मुख्यालय बाहेरून फार भव्य नाही, पण जगभरातल्या दान, म्हणजे ब्लॅक बेल्टच्या श्रेणीच्या, प्रमाणपत्रांचा उगम तिथे आहे.

मुलगा 13 वर्षांचा आहे. ब्लॅक बेल्टची परीक्षा पास झाला, पण हातात आला अर्धा लाल, अर्धा काळा बेल्ट. फसवणूक तर नाही? — एक वडील, नागपूर

नाही. कुक्कीवॉनच्या नियमांत 15 वर्षांखालच्या मुलांना दान नव्हे, पूम ही मुलांसाठीची श्रेणी मिळते, आणि पूमचा बेल्ट लाल-काळाच असतो. 15 पूर्ण झाल्यावर पहिला पूम अर्ज करून पहिल्या दानमध्ये बदलून घेता येतो. पुढच्या परीक्षेसाठी किमान एक वर्ष थांबावं लागतं, त्यानंतरच्या, म्हणजे तिसऱ्यासाठी, दोन वर्षं.

विचारायचा खरा प्रश्न बेल्टच्या रंगाचा नाही, कागदाचा आहे. प्रमाणपत्र कुक्कीवॉनचं की एखाद्या स्थानिक संघटनेचं? स्थानिक प्रमाणपत्र खोटं असतं असं नाही, पण दुसऱ्या देशात किंवा दुसऱ्या संघटनेत ते चालेलच असं नाही. कुक्कीवॉनच्या प्रमाणपत्रावर क्रमांक असतो. तो मागून घ्या, त्यांच्या संकेतस्थळावर पडताळा आणि नावाचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे आहे का ते आजच बघा. बेल्ट दिला पण क्रमांक "नंतर येईल" असं महिनोन्‌महिने ऐकू येत असेल तर लेखी विचारा.

माझ्या क्लासमध्ये तेगुक शिकवतात, मामेभावाच्या क्लासमध्ये चॉन-जी. बरोबर कोण? — एक वाचक, सातारा

दोघेही. घराणी वेगळी. 1966 साली जनरल चोई हाँग ही यांनी स्थापन केलेल्या आयटीएफ या आंतरराष्ट्रीय संघटनेत 24 तुल, म्हणजे त्यांच्याकडच्या पूमसे, असतात, चॉन-जी त्यांतला पहिला. तेगुक ही कुक्कीवॉनची, आणि ऑलिम्पिकमध्ये दिसतो तो याच बाजूचा तायक्वांदो. आयटीएफच्या लढतीत हाताने डोक्यावर मारता येतं, तुमच्याकडे नाही. म्हणून मामेभावाशी घरच्या अंगणात सराव करण्याआधी नियम ठरवून घ्या.

टीव्हीवर एकाच किकला कधी दोन गुण, कधी पाच. का? — एक वाचक, जळगाव

पॅरिस 2024 च्या नियमांत छातीच्या कवचावर ठोसा म्हणजे एक, किक दोन, डोक्यावर किक तीन. किक मारण्याआधी अंगाची गिरकी असेल तर दोन वाढतात, म्हणून कवचावर चार आणि डोक्यावर पाच. कवचातला सेन्सर ठरावीक जोर लागल्याशिवाय किक मोजत नाही. गिरकी झाली की नाही हे मात्र लढतीचे परीक्षक डोळ्यांनी बघून देतात, त्यामुळे ते दोन गुण कधी कधी क्षणभर उशिरा चढतात.