वाचकांचे प्रश्न : सामाजिक न्यायावरचा कथापट आणि अनुदानाचा अर्ज

प्रश्न : स. न. वि. वि. मी पूर्ण लांबीच्या कथापटाची पटकथा लिहिली आहे. बांधकामावरून पडून मरण पावलेल्या गवंड्याच्या पत्नीने नुकसानभरपाईसाठी दिलेली झुंज हा तिचा विषय आहे. काही निधींकडे अर्ज केले, परंतु कोणतेही कारण न देता नकार आले. अशा चित्रपटांना अनुदान देणाऱ्या संस्था कोणत्या, आणि विषय इतका महत्त्वाचा असूनही माझा अर्ज मागे का पडत असावा? सोबत कथासार जोडले आहे.

उत्तर : सामाजिक न्यायाच्या नावाने राखून ठेवलेला पैसा बऱ्याच अंशी माहितीपटांकडे जातो, हे आधी लक्षात घ्यावे. फोर्ड फाउंडेशनने २०११ मध्ये ‘जस्टफिल्म्स’ हा उपक्रम पाच वर्षांसाठी ५ कोटी डॉलरची तरतूद करून सुरू केला. त्याचे नाव अशा प्रत्येक यादीत आढळते, मात्र त्याचा भर माहितीपटांवर आहे आणि कथापटकाराचा अर्ज तिथे बहुधा वाया जातो. कथापट आणि सामाजिक न्याय या दोन्ही गोष्टी स्पष्टपणे एकत्र मागणारे ठळक अनुदान म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोची ‘एसएफफिल्म’ ही संस्था केनेथ रेनिन फाउंडेशनच्या साहाय्याने देते ते. रायन कूग्लर यांच्या २०१३ च्या ‘फ्रूटव्हेल स्टेशन’ला त्याचा हातभार लागला होता.

याखेरीज विषयाची अट न घालता प्रदेशाची अट घालणारे निधी आहेत. रॉटरडॅम चित्रपट महोत्सवाचा ह्यूबर्ट बाल्स फंड १९८८ पासून आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिका अशा प्रदेशांतील दिग्दर्शकांना साहाय्य करतो. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ला पटकथेच्या टप्प्यावर त्याचाच आधार मिळाला होता. बर्लिन महोत्सवाचा वर्ल्ड सिनेमा फंड २००४ मध्ये सुरू झाला, परंतु तिथे जर्मन निर्मात्याची भागीदारी लागते, त्यामुळे एकट्या लेखक-दिग्दर्शकाने आधी तो भागीदार शोधावा. पात्रतेचे नियम वर्षागणिक बदलतात. म्हणून जुन्या यादीवर विसंबून न राहता चालू वर्षाची नियमावली मुळातून वाचावी.

आता तुमच्या अर्जाविषयी. तुम्ही ‘विषय महत्त्वाचा असूनही’ असे लिहिले आहे, आणि माझ्या मते गफलत याच समजुतीत आहे. सामाजिक न्यायाच्या निधीकडे आलेल्या गठ्ठ्यातील प्रत्येक अर्जाचा विषय महत्त्वाचाच असतो. विषयाने तुम्हाला दारातून आत घेतले जाते. पुढची निवड पात्रांवर, प्रसंगांवर आणि तुमच्या लेखणीवर होते. तुमच्या कथासाराचे पहिले वाक्य असे आहे : ‘हा चित्रपट असंघटित कामगारांच्या शोषणावर आणि व्यवस्थेच्या असंवेदनशीलतेवर प्रखर प्रकाश टाकतो.’ हे वाक्य दुसऱ्या शंभर अर्जांना जसेच्या तसे चिकटवता येईल. याउलट, तिसऱ्या परिच्छेदात तुम्ही ओझरते लिहून गेला आहात की, नवरा त्या दिवशी कामावर होता हे सिद्ध करण्यासाठी त्या बाईला हजेरीपटाचे पान हवे आहे, ते पान मुकादमाने फाडले आहे, आणि तिच्या मुलाला काम देणारा तोच एक माणूस आहे. चित्रपट इथे आहे. तिला काय हवे, ते कोणाच्या हातात आहे आणि ते मिळवण्याची किंमत काय, हे सारे या एका वाक्यात आले. कथासाराची सुरुवात इथून करावी आणि ‘शोषण’ हा शब्द खुशाल गाळावा. वाचणाऱ्याला तो आपोआप सुचेल.

वर उल्लेखिलेल्या ‘फ्रूटव्हेल स्टेशन’चेच पाहा. २००९ च्या पहिल्या दिवशी रेल्वे पोलिसाच्या गोळीने मारल्या गेलेल्या ऑस्कर ग्रांट या तरुणाची ती सत्यकथा. पण चित्रपटाचा पुष्कळसा वेळ आदल्या दिवसाच्या साध्या व्यवहारांत, आईच्या वाढदिवसाच्या तयारीत आणि लहान मुलीच्या सहवासात जातो. अन्यायाची तीव्रता त्या साधेपणातूनच वाढते.

दिग्दर्शकाच्या निवेदनात, ही कथा तुम्हीच का सांगावी, या प्रश्नाला थेट उत्तर द्यावे. कामगार वस्तीशी तुमचा संबंध कसा आला, पटकथेचे वाचन त्यांच्यापैकी कोणासमोर केले का, एखाद्या हयात व्यक्तीच्या आयुष्यावर कथा बेतलेली असल्यास तिची लेखी संमती घेतली आहे का, हे नेमके लिहावे. ‘मला या वर्गाविषयी कळकळ आहे’ एवढ्याने भागत नाही. किंबहुना परीक्षक अशा वाक्यांपाशी जरा सावध होतात.

टप्प्याचा घोळ हेही नकाराचे एक नेहमीचे कारण आहे. पटकथालेखन, पूर्वतयारी, चित्रीकरण आणि चित्रीकरणोत्तर काम यांसाठी बहुधा वेगवेगळी अनुदाने असतात, आणि लेखनाच्या अनुदानासाठी चित्रीकरणाचे अंदाजपत्रक जोडले की अर्जदाराने नियम वाचले नाहीत असा ग्रह होतो. अंदाजपत्रकात स्वतःच्या मानधनापुढे शून्य लिहू नये. त्यातून त्याग दिसत नाही, हिशेब कच्चा असल्याचे दिसते. शिवाय मजुरांच्या शोषणावरच्या चित्रपटात कोणी फुकट राबणार असेल, तर तो विरोधाभास परीक्षकांच्या नजरेतून सुटत नाही.

प्रश्न : अनुदान घेतले तर चित्रपटावर संस्थेचा हक्क येतो का? शेवट बदलण्याची सक्ती करतील, अशी भीती वाटते.

उत्तर : सर्वसाधारणपणे अनुदान म्हणजे परत न करावयाची रक्कम, तिच्या बदल्यात श्रेयनामावलीत उल्लेख, बोधचिन्ह, प्रगतीचा अहवाल आणि खर्चाचा हिशेब एवढेच मागितले जाते. स्वामित्वहक्क तुमच्याकडेच राहतो. मात्र काही योजना नावाने अनुदान आणि प्रत्यक्षात गुंतवणूक असतात, म्हणून करारातील नफ्यातील वाटा, वितरणाचे हक्क आणि अंतिम संकलनाचा अधिकार ही तीन कलमे वकिलाकडून वाचून घ्यावीत. शेवट बदलण्याच्या सक्तीपेक्षा मला हप्त्यांची चिंता अधिक वाटते. रक्कम अनेकदा टप्प्याटप्प्याने मिळते आणि शेवटचा हप्ता तयार चित्रपट सुपूर्द केल्यावरच हाती येतो. तोवर ध्वनिमिश्रणाचे बिल कोण भरणार, याची तजवीज सही करण्यापूर्वीच करावी.

प्रश्न : माझी नोंदणीकृत संस्था नाही. व्यक्ती म्हणून अर्ज करता येईल का?

उत्तर : पटकथेच्या टप्प्यावर अनेक ठिकाणी येतो, चित्रीकरणाच्या टप्प्यावर बहुधा निर्मितीसंस्था लागते. अमेरिकेतील काही निधी केवळ धर्मादाय नोंदणी असलेल्या संस्थेलाच पैसे देतात. तिथे एखादी अशी संस्था चित्रपटाच्या वतीने रक्कम स्वीकारते, हिशेब ठेवते आणि त्यातून ठरावीक टक्के शुल्क कापून घेते. ते शुल्क अंदाजपत्रकात पहिल्यापासून दाखवावे, आणि परदेशातून येणाऱ्या रकमेला आपल्या देशाचा कोणता कायदा लागू होतो, हे अर्ज भरण्यापूर्वीच सनदी लेखापालाला विचारून घ्यावे.